जुन्या बोटीचं इंजिन: पॉइंट ठेवावेत की इलेक्ट्रॉनिक किट बसवावं?

जुन्या पेट्रोल इनबोर्डच्या (बोटीच्या आत बसवलेल्या इंजिनाच्या) डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीने ठिणगी पोचवणाऱ्या भागात, अजून पॉइंट-कंडेन्सर (ठिणगीसाठी करंट तोडणारे, उघडझाप करणारे संपर्क आणि त्यांच्या जोडीचा कपॅसिटर) असतील तर तीन वाटा आहेत. पॉइंटच नवे घाला, त्याच डिस्ट्रिब्युटरमध्ये बसणारं इलेक्ट्रॉनिक किट घ्या, नाहीतर अख्खा डिस्ट्रिब्युटर बदला.

तिसरी वाट माझ्या मते शाफ्टच्या बुशमध्ये (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीत) खेळ, म्हणजे ढिलेपणा, आला असेल तरच धरावी. तेव्हाही मरीनचाच घ्या. मोटारीचा डिस्ट्रिब्युटर दिसायला तसाच आणि स्वस्त असतो, पण आतली ज्वाला बाहेर पडू न देणारी जाळी त्याला नसते. इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचत असते, त्यामुळे इथे काटकसर नको.

उरले दोन पर्याय. पॉइंटची बाजू कमजोर नाही. सगळं डोळ्यांना दिसतं, आणि ते बहुधा आधी कुरकुर करून मगच बंद पडतात. भर पाण्यातसुद्धा पॉलिश पेपरचा तुकडा फिरवून घरी परतता येतं. किट गेलं की गेलंच, दुरुस्ती नाही.

तरीही मी किटकडे वळलो, ते एकाच वैतागापायी. पॉइंट नुसते उभे राहूनही खराब होतात. बोट दमट हवेत काही आठवडे पडून राहिली की टोकांवर पातळ थर धरतो. स्टार्टर फिरतो, ठिणगी मात्र नाही. त्यात माझा डिस्ट्रिब्युटर इंजिनाच्या मागच्या अंगाला, बल्कहेडला (बोटीतल्या आडभिंतीला) चिकटून. पोटावर आडवं होऊन, आरशात बघत पॉइंटमधली गॅप मोजायला फीलर गेज (पातळ पट्टीचं माप) घालायचा. गॅप जमली म्हणून स्क्रू आवळावा, तर आवळतानाच प्लेट किंचित सरकते आणि गॅप पुन्हा बिघडते. एवढा खटाटोप करूनही कॅमवर (पॉइंट उघडणाऱ्या, शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) घासणारा फायबरचा ठोकळा झिजत राहतोच. तो झिजला की गॅप कमी होते, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे पडतं.

किटमध्ये घासणारं काहीच नाही. शाफ्टवर चुंबकाची कडी, शेजारी सेन्सर. मी काही मोजून पाहिलेलं नाही, पण थंड इंजिन आता चटकन घेतं आणि आयडलिंग डगमगत नाही. ताकद वाढते म्हणतात, मला तरी ती जाणवली नाही.

बसवताना दोन गोष्टी पाहा. जुन्या वायरिंगमध्ये कॉइलच्या (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाच्या) आधी बऱ्याचदा रेझिस्टर असतो, कधी वायरच रेझिस्टन्सची असते. बहुतेक किटना पूर्ण १२ व्होल्ट लागतात, म्हणून किटची लाल वायर त्या रेझिस्टरच्या अलीकडून, इग्निशन स्विचच्या बाजूने घ्यावी. कॉइलचा रोध किटच्या कागदावर दिलेल्या आकड्याशी जुळवा, कारण कमी रोधाची कॉइल जास्त करंट ओढून किटचं मॉड्यूल भाजते. शिवाय इंजिन बंद असताना किल्ली ऑन ठेवायची सवय असेल, किंवा बॅटरीच्या तारा घाईत उलट जोडल्या जात असतील, तर साध्या किटचं काही खरं नाही. अशा हातांना पॉइंटच बरे.

तुमचा डिस्ट्रिब्युटर समोरच, हाताशी असेल आणि बोट दर आठवड्याला पाण्यात उतरत असेल, तर पॉइंट काढायची घाई मीही केली नसती. एरवी किट घ्या, आणि जुने पॉइंट-कंडेन्सर स्क्रूंसकट एका बंद डबीत बोटीवरच ठेवा.