कार्ब्युरेटरच्या बर्फावर ‘रामबाण’ यंत्र: १३,०८० रुपये गेले

ट्रॅक्टरच्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ होऊ नये म्हणून यंत्र मागवलं. आधी ‘ट्रायल पीस’चे २,५००, मग ‘मेन युनिट’चे ९,४००, वर कुरिअरच्या विम्याचे १,१८०. मेन युनिट अजून आलेलं नाही आणि विकणारा फोन उचलत नाही. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

पण मला मूर्ख ठरवण्याआधी ऐका. जुना पेट्रोल ट्रॅक्टर, हवा गार आणि दमट. सुरू व्हायचा, थोडं काम करायचा, मग रेस उतरत जायची, गचके खायचा आणि बंद. विकणाऱ्याने व्हिडिओ कॉलवर ट्रायल पीसची क्लिप पेट्रोलच्या नळीवर लावायला लावली. “आता दहा मिनिटं हात लावू नका, साहेब.” दहा मिनिटांनी ट्रॅक्टर एका फटक्यात सुरू! डोळ्यांसमोर घडलेलं कोण नाकारेल? लगेच ९,४०० पाठवले.

त्या दहा मिनिटांचीच चीड येते. पेट्रोलची वाफ होताना कार्ब्युरेटर आतून गारठतो, हवेतलं बाष्प थ्रॉटलच्या, म्हणजे हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेच्या, पाकळीवर गोठतं आणि हवेची वाट बुजते. इंजिन थांबलं की त्याच्याच धगीने तो बर्फ वितळतो. क्लिप लावा नाहीतर नुसते हात चोळत बसा, ट्रॅक्टर सुरू होणारच! हे भामट्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणे, “जितकी कडक थंडी, तितका बर्फ जास्त.” साफ खोटं. शून्याच्या जरा वर, धुक्यात खरा त्रास. उणे वीसच्या थंडीत हवेत बाष्पच फारसं नसतं. आणि मेन युनिट म्हणे बॅटरीवर चालणार, पण बॅटरी ६ व्होल्टची की १२ची, हे त्याने विचारलंच नाही. जुने कितीतरी ट्रॅक्टर ६ व्होल्टचे असतात. जो हे विचारत नाही, त्याला एक पैसा देऊ नका.

क्लिप करवतीने कापली. आत दोन लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचा तुकडा, दोन्ही टोकं कशालाच न जोडलेली.

बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलीस म्हणतात, एक वस्तू मिळाली ना, मग फसवणूक कसली? ग्राहक तक्रारीच्या खिडकीवर पक्कं बिल मागतात. अहो, चोर बिल देतो का? एका साहेबांना कार्ब्युरेटर म्हणजे काय हे समजावण्यात माझी पाळी संपली. वर सल्ला काय, तर नवा ट्रॅक्टर घ्या! अर्ज लिहायचा, तो दुसऱ्या टेबलावर जायचा, तिथून ‘आमच्या अखत्यारीत नाही’ म्हणून परत.

इलाज जवळजवळ फुकटातला निघाला. एक्झॉस्ट मॅनिफोल्डभोवतीची (इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांभोवतीची) गरम हवा आत ओढून घेणारा मूळचा पत्राच कुणीतरी काढून टाकला होता. तुमचाही आधी तपासा. रेडिएटरपुढे पडदा लावा, इंजिनाचं तापमान राखणारा थर्मोस्टॅट बघा, इंजिन तापल्याशिवाय कामाला जुंपू नका. पेट्रोलमधला गाळ अडवणाऱ्या वाटीत साचलेलं पाणी गोठणं हे वेगळं दुखणं. ती वाटी काढून पुसून घ्या. आणि हप्त्याहप्त्याने पैसे मागणाऱ्याचे कॉल रेकॉर्ड ठेवा. मी ठेवले नव्हते, म्हणून परवा अर्जावर शेरा आला: ‘पुराव्याअभावी निकाली.’