एका स्पीकरवर आठ महिने

आठ महिन्यांपूर्वी माझ्या जोडीतला एक स्पीकर बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत एकावरच भागवू म्हटलं. तो चौथ्या महिन्यात दुरुस्त होऊन आला, पण मी अजून एकावरच ऐकतोय.

सुरुवातीला माझी चूक झाली. स्टिरिओत डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी आवाजाचे दोन वेगळे प्रवाह, म्हणजे चॅनेल, असतात. मी फक्त डावा चॅनेल जोडला होता. 1960च्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि वाद्यं दुसऱ्या बाजूला असतात. तसं एक गाणं लावलं, तर गायकच ऐकू येईना! दोन्ही चॅनेल एकत्र व्हायलाच हवेत. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ असतं, ते सुरू केलं की झालं. डाव्या-उजव्या आउटपुटच्या वायरी मात्र नुसत्या पिळून जोडू नका, दोन्ही आउटपुट एकमेकांवर भार टाकतात. आणि ॲम्प्लिफायरच्या स्पीकर-टर्मिनलवर हा प्रयोग अजिबात नको.

आता आवाजाबद्दल, कारण मी एकाच स्पीकरवर राहिलो तो त्यासाठीच. दोन स्पीकरच्या मधोमध गाणारा गायक तिथे नसतोच. त्याचा आवाज दोन्हीकडून निघतो आणि प्रत्येक कानाला किंचित अंतराने दोनदा पोचतो. त्यामुळे 2 किलोहर्ट्झच्या आसपास तो थोडा दबतो, आणि शब्दांचा स्पष्टपणा बराचसा त्याच भागात असतो. एका स्पीकरवर हा घोळच नाही. वर्षानुवर्षं ऐकलेल्या गाण्यांतले शब्द, ओळ सुरू होण्याआधी घेतलेला श्वास, सगळं एका जागी येऊन बसलं. ठरावीक खुर्चीही सुटली, खोलीत कुठेही बसलं तरी गाणं तेच. स्टिरिओ तबकड्या 1958च्या सुमारास बाजारात आल्या, त्याआधीचं बहुतेक रेकॉर्ड केलेलं संगीत मुळात एकाच चॅनेलचं. ते तर इतकं भरीव मी कधी ऐकलं नव्हतं.

जागेवर फार अवलंबून आहे. कोपऱ्यात ठेवला तेव्हा दोन्ही भिंतींनी खर्ज फुगवला आणि सगळं घुमायला लागलं. भिंतीपासून दोन हात पुढे, ट्वीटर (वरच्या पट्टीतले बारीक आवाज काढणारा त्यातला छोटा भाग) कानाच्या उंचीला, असा ठेवल्यावर सुधारलं.

उणिवा आहेत. आवाज रुंद वाटावा म्हणून काही वाद्यांची एका चॅनेलमधली फेज, म्हणजे ध्वनिलहरींचे चढ-उतार, उलटवलेली असेल, तर एकत्र केल्यावर त्या वाद्यांचे दोन्हीकडचे आवाज एकमेकांना खोडतात. दोन-तीन आवडत्या गाण्यांतले कीबोर्ड असेच पातळ झाले. मोठ्या वाद्यवृंदाची तर फारच दाटी होते. तेवढ्यासाठी मी दुसरा स्पीकर पुन्हा जोडतो, महिन्यातून एखाद्या वेळी.