जुनी कॅराव्हॅन, दुसरा सीझन: ओल सोडून बाकी सगळं झकास

आमची कॅराव्हॅन, म्हणजे कारमागे ओढायचं चाकांवरचं घर, 1996 ची, चार जण झोपतील एवढी, सिंगल ॲक्सल (चाकांची एकच जोडी), लेआउट वगैरे सांगत बसत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतो, दोन मुलं, आणि शाळेच्या सुट्टीत इथल्या हॉटेलांचे भाव बघून पोटात गोळा येतो, म्हणून जुनी घेतली. डीलरकडूनच घेतली, वर दोनेकशे पौंड जास्त मोजले, का तर तो ओलीची तपासणी केलेला कागद देत होता. कागदावर सगळीकडे ओल 12, 13, 14 टक्के. वा.

मग पहिल्याच उन्हाळ्यात साताऱ्याहून आई आली. डर्वेंटवॉटर तळ्याच्या काठी पाऊस पडतोय, हीटर चालू, आई कोपऱ्यातल्या सीटवर चहा घेऊन बसली, मागे रेलली आणि म्हणाली, "अरे, ही भिंत दबतेय बघ." मी म्हटलं असेल जरा सैल. तिने अंगठा दाबून दाखवला तर खळगा पडला आणि तसाच राहिला. घरी आल्यावर ओल मोजायचं वीस पौंडाचं मीटर मागवलं. 15 च्या खाली ठीक, 20 च्या वर गेलं की शोधाशोध, 30 च्या वर गेलं की आतलं लाकूड गेलंच असं धरून चालायचं. आमच्या कोपऱ्यात 34.

डीलरला फोन केला तर म्हणे एवढ्या जुन्या गाडीला थोडी ओल असतेच. अरे मग कागद कशाला दिलास बाबा? इथे कन्झ्युमर राइट्स ॲक्ट 2015 आहे, धंद्यावाल्याकडून घेतलेल्या मालात पहिल्या सहा महिन्यांत दोष निघाला तर तो आधीपासूनच होता असं धरतात, उलटं सिद्ध करणं त्याच्या गळ्यात. घेताना वय आणि किंमत बघतात हे खरं, त्यामुळे नवीच्या अपेक्षा धरू नका, पण त्यानेच लिहून दिलेला आकडा होता ना. तो म्हणाला वरून सिलिकॉन मारून देतो. मी नाही म्हटलं, लेखी पत्र पाठवलं, मीटरचे फोटो जोडले, आणि बऱ्याच चालढकलीनंतर 350 पौंड परत आले. आणखी ताणता आलं असतं पण डोकं फिरायची वेळ आली होती. तेव्हाचं माझं मत: पाचपैकी एक स्टार, जुनी कॅराव्हॅन घेऊ नका, तंबू घ्या.

वरचं सगळं मार्चमध्ये लिहून ठेवलं होतं. आता ऑगस्ट संपत आलाय आणि मत बरंच बदललंय.

झालं असं की वर्कशॉपवाल्याने त्या एका कोपऱ्याचे 1,800 पौंड सांगितले, म्हणजे गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर. म्हटलं स्वतःच उघडून बघू. या जुन्या गाड्या म्हणजे बाहेर ॲल्युमिनियमचा पत्रा, आत थर्माकोल, त्याच्या आत तीन मिलिमीटरची प्लाय, आणि हे सगळं धरायला बॅटन, म्हणजे लाकडी पट्ट्या. छत आणि बाजूची भिंत जिथे मिळते तिथे ऑनिंगची (बाजूला लावायच्या तंबूची) रेल असते, ती स्क्रूने थेट त्या बॅटनमध्ये ठोकलेली, आणि रेलच्या मागे मस्टिक, म्हणजे फट बुजवायचा लगदा. ते मस्टिक मऊ राहायला पाहिजे, पण पंचवीस वर्षांत वाळून खडक होतं, मग पाणी स्क्रूच्या भोकातून आत, बॅटनवरून खाली, आणि जिथे ओल दिसते त्याच्या कितीतरी वर गळती असते. आमची ओल सीटच्या मागे, गळती छताच्या कडेला.

रेलमधली प्लास्टिकची पट्टी ओढली तर आतले स्क्रू गंजलेले, काहींची डोकी हातातच आली. त्यावर कुणीतरी आधीच सिलिकॉन थापलेलं. सिलिकॉन इथे मारू नका, पुन्हा सांगतो, मारू नका. गाडी रस्त्यावर हलते, वाकते, सिलिकॉन एका कडेने सुटतं आणि पाणी आत अडकून बसतं, वर ते एकदा लागलं की त्यावर दुसरं काही धड चिकटत नाही, खरवडण्यातच माझा सगळा ईस्टर गेला. प्लास्टिकचं स्क्रॅपर आणि व्हाइट स्पिरिट वापरा, लोखंडी पातं लावलं की पत्र्यावर ओरखडे. आतली प्लाय सोलली तर बॅटन चहात बुडवलेल्या पावासारखं, बोटाने निघत होतं. ते कापून काढलं, डीह्युमिडिफायर (हवेतली ओल ओढणारं यंत्र) लावून आठवडे वाळू दिलं (घाई केलीत तर ओल आत कोंडून बसेल), नवीन ट्रीटेड लाकूड, ब्युटिलची (फट बंद करायची, मऊ राहणारी) टेप, स्टेनलेसचे स्क्रू. सगळा खर्च 140 पौंडांच्या आसपास. आता मीटर 13 दाखवतं, आणि हा 13 खरा आहे.

मीटरचं व्यसन लागलं हे मात्र खरं. घरातल्या भिंती मोजून झाल्या, शेजाऱ्याची शेड झाली, कॅम्पसाइटवर ओळख झाली की बायको आधीच डोळे वटारते. एक सांगतो, भिंतीला नुसतं टेकवायचं मीटर असेल तर ॲल्युमिनियमच्या पट्टीजवळ किंवा स्क्रूजवळ मोजू नका, धातूमुळे आकडा फुगतो. आणि रात्री चार माणसं आत झोपली, त्यात सकाळी कांदेपोहे नि चहा झाला की खिडक्या घामाघूम होतात, ती वाफ वेगळी, गळती वेगळी. छताची खिडकी बोटभर उघडी ठेवा. फोडण्या ऑनिंगमध्येच, आईलाही पटलंय.

बाकी भरभर सांगतो. ओढायला त्रास नाही. आमची कार 1,350 किलोची, त्याच्या 85 टक्के म्हणजे 1,150 च्या आत गाडी भरायची. नोजवेट, म्हणजे कारच्या हुकवर येणारं वजन, गाडीच्या वजनाच्या 5 ते 7 टक्के, जड सामान ॲक्सलवर, मागे नाही, नाहीतर मोटरवेवर शेपूट हलवते. डिसेंबर 2021 पासून साध्या लायसन्सवर 3,500 किलोपर्यंत ओढता येतं, वेगळी टेस्ट नाही. मोटरवेवर ताशी 60 मैल, तीन लेनमधली उजवी लेन बंद, मुलांना ते अपमानास्पद वाटतं. सॅट-नॅववर विसंबू नका, थर्स्कहून हेल्म्सलीला जाताना ते सटन बँकचा घाट दाखवतं, तिथे कॅराव्हॅनला बंदी आहे, चढ चारास एक.

टायरची नक्षी बघून भुलू नका, बाजूचे शेवटचे चार आकडे बघा, आठवडा आणि वर्ष. आमचे चकचकीत टायर 2013 चे निघाले. खिडक्यांवर कोरलेला नंबर सगळीकडे एकच आहे ना तेही बघा, 1992 नंतरच्या ब्रिटिश गाड्यांना तो असतो, वेगळा दिसला तर खिडकी बदललेली किंवा गाडीच भानगडीची.

फ्रिज मस्त, गॅस, बॅटरी, मेन्स (साइटवरची वीज) तिन्हीवर चालतो, फक्त गाडी सपाट उभी पाहिजे, कललेली असली की थंडच होत नाही. हिवाळ्यात निळा ब्यूटेन सिलिंडर नेऊ नका, शून्याच्या आसपास गॅसच निघत नाही, लाल प्रोपेन घ्या.

आता चार स्टार. एक कापला तो कागदाचा. विकायचा विचार सध्या बाद, पण मागच्या खिडकीखाली मीटर 19 दाखवतंय, गेल्या महिन्यात 17 होतं. सप्टेंबरात सलग कोरडे दिवस मिळाले तर ती पट्टी उघडतोय, ब्युटिलचं अर्धं रीळ उरलेलं आहेच.