आईबाबा वीकेंडला येताहेत: बाहेर जेवायचं तर दुपारी की रात्री?

शुक्रवारी रात्री येणार, रविवारी परत जाणार, म्हणजे बाहेर जेवायच्या वेळा तशा थोड्याच, त्यात सगळ्याच वापरायच्या की एखादीच, हे आधीच ठरवलेलं बरं. माझं मत म्हणाल तर शनिवारी दुपारी एकदा निवांत बाहेर आणि बाकी घरी.

शनिवारी रात्री बाहेर जायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि त्याचा फायदाही आहे, दिवस मोकळा मिळतो, गप्पांना घाई नसते. आईबाबा अजून नोकरी करणारे, तब्येतीने ठणठणीत असतील तर बिनधास्त रात्री जा. पण साठी-सत्तरीच्या पुढे असतील तर पहिला प्रश्न आवाजाचा येतो. आपण साधं बोलतो ते साधारण ६० डेसिबलच्या आसपास असतं, भरलेल्या रेस्टॉरंटमधला गोंगाट ७५-८० पर्यंत सहज जातो. त्यात वयाबरोबर आधी कमी होतं ते वरच्या पट्टीतलं ऐकू येणं, म्हणजे स, श, फ असली अक्षरं निसटतात, आवाज येतो पण शब्द लागत नाही, मग आई नुसती हसून मान डोलावत बसते आणि आपल्याला वाटतं छान चाललंय. ज्यासाठी एवढ्या लांबून आले ते बोलणंच होत नाही, मला हे फार लागतं.

दुसरं उजेडाचं. म्हातारपणी डोळ्याची बाहुली अंधारात पूर्वीसारखी मोठी होत नाही, त्यामुळे मंद दिवे आपल्याला मस्त वाटतात पण बाबा मेनूकार्ड हात लांब करून धरतात, मग दिव्याकडे तिरकं करतात आणि शेवटी "तूच मागव काहीतरी" म्हणून ठेवून देतात. शिवाय जेवण आणि झोप यात दोन-तीन तास हवेत, नाहीतर ॲसिडिटीवाल्यांची रात्र वाईट जाते. डायबेटिस असेल तर आणखी जपा, इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर खाली जाते, त्यामुळे टेबलसाठी ताटकळत उभं राहायची वेळ नकोच, बुकिंग कराच.

दुपारी यातलं बरंचसं आपोआप सुटतं. उघडल्या उघडल्या गेलं तर हॉल अर्धा रिकामा असतो, खिडकीजवळचं टेबल मिळतं, भिंतीला पाठ करून आईला बसवलं की मागचा आवाजही कमी होतो. तोटा एवढाच की दुपार जड जाते. काही ज्येष्ठांचं बीपी भरपेट जेवणानंतर तास-दोन तासांत उतरतं, उठताना चक्कर येते, म्हणून जेवल्या जेवल्या लगेच फिरायचा प्लॅन नको, थोडं बसू द्या.

बुफे की मेनूकार्ड? बुफेला किमती दिसत नाहीत हा मोठा फायदा, कारण बऱ्याच आया आधी उजवीकडचे आकडे वाचतात आणि मग सगळ्यात स्वस्त तेच आपल्याला आवडतं म्हणतात. पण बुफेत सारखं कुणीतरी उठलेलं असतं, गप्पा तुटतात, आणि गुडघे दुखत असतील तर ताट घेऊन फेऱ्या मारणं त्रासाचंच. मी मेनूकार्डाच्याच बाजूने आहे, दोन-तीन पदार्थ मधे मागवून वाटून खायचे.

घरी मागवणं हा मधला मार्ग, आवाज-उजेड-वेळ सगळं आपल्या हातात. फक्त डबे उघडायच्या आधी आई ओटा आवरायला लागलेली असते, तिला खरंच बसवून ठेवता येणार असेल तरच मागवा. आणि बीपी असेल तर दोन्ही दिवस सगळं बाहेरचं नकोच, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाचा आहे आणि बाहेरच्या एका जेवणातच त्यातलं बरंच संपतं.

बिल तुम्ही देणार असाल तर बुकिंग करतानाच तसं सांगून ठेवा, टेबलावर ओढाताण नको. बाबांना द्यायचंच असेल तर नाश्त्याचं देऊ द्या, त्यांनाही बरं वाटतं.

रविवारी निघायच्या आधीचं जेवण मात्र बाहेर ठेवू नका. सामान बांधायचं राहिलेलं, गाडीची धास्ती, सगळे घड्याळाकडे बघत घास गिळतात. त्यापेक्षा सकाळी जवळच कुठेतरी नाश्ता करा आणि दुपारी घरी हलकं काहीतरी जेवून निघू द्या.