व्हील बॅलन्सिंग: चार तारे, एक कापला
स्टिअरिंग ताशी ८०-१०० ला थरथरतं आणि वेग कमी केला की शांत होतं? मग आधी पुढची चाकं बॅलन्स करून घ्या, म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं होईल. सोबत अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) गळ्यात मारतील. गाडी एका बाजूला ओढत नसेल आणि टायर एकसारखे झिजत असतील तर नको म्हणा.

एक तारा कापला तो मेकॅनिकच्या घाईसाठी. रिमच्या आतला वाळलेला चिखल न खरवडता चाक मशीनवर चढवलं, तर किती वजन लावायचं तो आकडा खोटाच. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवून दोन्हीकडे शून्य दाखवायला सांगा. मशीनने एकाच बाजूला ७०-८० ग्रॅम मागितले तर वजनाच्या पट्ट्या चिकटवत बसू नका, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला लावा.

थरथर फक्त ब्रेक दाबल्यावरच येते? बॅलन्सिंगचे पैसे वाचवा, ब्रेकची डिस्क तपासा.