इंदूर ते लंडन ‘९ तास २४ मिनिटं’? अंतर-वेळ सांगणाऱ्या फुकट कॅल्क्युलेटरांचं परीक्षण

दोन शहरांची नावं टाकली की अंतर आणि विमानाचा वेळ सांगणारे फुकट कॅल्क्युलेटर ढिगाने सापडतात. मुलं लंडनला असली की इंदूरच्या मराठी घरांत प्रवासाचा पहिला अंदाज त्यांच्यावरच बांधला जातो, म्हणून तीच जोडी इथे घेतली आहे.

अंतराबद्दल तक्रार नाही. इंदूर विमानतळ ते हीथ्रो सुमारे ७,११४ किलोमीटर, हे बरोबर. फक्त ते गोलावरचं सरळ अंतर आहे. पुण्यासाठी ५०० दिसतं. त्यावर गाडीच्या डिझेलचा हिशेब कराल तर फसाल, रस्त्याने शंभरेक किलोमीटर वाढतात. एककही बघा: लंडनसाठी ४,४२० आले तर साधे मैल, ३,८४१ आले तर सागरी. शहराच्या नावाऐवजी विमानतळाचा कोड टाकलेला बरा, कारण एक लंडन कॅनडातही आहे. इंदूरचा कोड आयडीआर. (इंडोनेशियाच्या रुपयालाही हीच अक्षरं; चलनाचे भाव दिसले तर दचकू नका.)

खरी गोची वेळेत आहे. बहुतेकांचं सूत्र एकच: अंतर भागिले ताशी ८००, वर चढण्या-उतरण्याची ३० मिनिटं. त्यातून ९ तास २४ मिनिटं निघतात. पण इंदूरहून लंडनला थेट विमानच नाही! दिल्लीमार्गे गेलात तर ६६२ अधिक ६,७३० किलोमीटर, म्हणजे पावणेतीनशेच जास्त. मुंबईमार्गे सहाशे जास्त. वेळ हवेत जात नाही, मधल्या विमानतळावर जातो. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर असतील तर किमान तीन तास ठेवा. वेगवेगळी तिकिटं असतील तर सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. तिथे पाच तासही जास्त नाहीत.

दुसरं म्हणजे वारा. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा सरासरी ६० धरला, तर जाताना हाती ८४० उरतात, येताना ९६० मिळतात. एवढ्या पल्ल्यावर तासाभराचा फरक पडतो. कॅल्क्युलेटर मात्र जाण्या-येण्याला एकच आकडा देतो. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडला. असं काही या सूत्राच्या गावीही नसतं.

गुण द्यायचे तर किलोमीटरला पाचपैकी साडेचार, वेळेला दोन. तेही थेट विमान असेल तरच. बाकी वेळ तिकिटावरूनच घ्या. तिथला वेळ जागेवरून विमान हलल्यापासून ते पोहोचून थांबेपर्यंतचा असतो, धावपट्टीच्या रांगेसकट.

घड्याळाचा घोळ वेगळाच. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, एरवी साडेपाच. दिल्लीहून दुपारी २ ला निघून दहा तास उडालात, तर जानेवारीत तिथे संध्याकाळचे ६:३० वाजलेले असतील, जूनमध्ये ७:३०. तिकिटावर उतरण्याची वेळ लंडनचीच छापलेली असते. घ्यायला येणाऱ्याला तीच कळवा, त्यातून पुन्हा साडेपाच वजा करू नका.