चार जणांचा तंबू, डोंगरातले शनिवार-रविवार: काही महिन्यांच्या वापरानंतर

तंबूवर ‘चार माणसं’ असं छापलेलं असतं, त्यात सामान धरलेलं नसतं. आमच्या तंबूची आतली रुंदी २४० सेंमी आहे. साधी मॅट ५० सेंमीच्या आसपास रुंद, म्हणजे चार मॅट शेजारीशेजारी बसतात खऱ्या. मग सॅक, बूट आणि ओले कपडे कुठे ठेवायचे? दोघं मोठे आणि दोन लहान मुलं एवढ्यांना तो पुरतो, तेही पुढच्या आडोशाला, म्हणजे दारापुढच्या झाकलेल्या जागेत, सामान मावतं म्हणून. चौघंही मोठे असाल तर सरळ सहा जणांचा घ्या.

बाकी रचना नेहमीचीच. आतला तंबू अर्धाअधिक जाळीचा, वरून पॉलिएस्टरची फ्लायशीट, म्हणजे पाऊस अडवणारं बाहेरचं कापड, आणि फायबरग्लासचे पोल. दोघांनी लावला तर फार वेळ लागत नाही. मुलांना खुंट्या ठोकायचं काम दिलं की आणखी वेळ लागतो, पण ती खूश असतात.

सगळे आधी पावसाचं विचारतात. फ्लायशीट ३००० मिमी, तळ ५००० मिमी. कापडावर पाण्याचा केवढा उंच स्तंभ उभा केला की ते पाझरायला लागतं, त्याचा हा आकडा. नुसता पाऊस अडवायला १५०० मिमीचं कापडही बऱ्यापैकी पुरतं. तळाला जास्त लागतं, कारण ओल्या जमिनीवर गुडघा टेकला की सगळा भार तेवढ्याशा जागेवर येतो. रात्रभर कोसळणाऱ्या पावसात शिवणींमधून एक थेंब आत आला नाही. याबाबतीत तक्रार नाही.

तरीही सकाळी स्लीपिंग बॅगांची पायाकडची बाजू ओली! पाऊस नसलेल्या रात्रीसुद्धा. तंबू गळतोय असंच कुणालाही वाटेल, पण ते पाणी आमचंच असतं. झोपेत श्वासातून आणि अंगातून वाफ जातच असते. चौघांची मिळून ती थोडीथोडकी नसते. ती गार कापडाला लागली की थेंब धरते. आभाळ निरभ्र असेल, वारा पडला असेल, तेव्हा कापड जास्तच गार पडतं आणि हा प्रकार वाढतो. थंडी वाजते म्हणून सगळ्या खिडक्या बंद केल्या की ओल हमखास. आम्ही वरच्या दोन्ही हवाखिडक्या रात्रभर उघड्या ठेवतो आणि फ्लायशीटची खालची कड जमिनीपासून वीतभर वर ताणतो. ओल पूर्ण थांबत नाही, पण बॅगा कोरड्या राहतात. या तंबूच्या हवाखिडक्या लहान आहेत, त्याचे गुण मी कापले.

जागेचाही यात हात असतो. ओढ्याकाठचं सपाट गवत मोहात पाडतं, पण रात्री गार हवा उताराने वाहत येऊन तिथेच साचते आणि दमटपणाही तिथेच जास्त. थोडं वर, आडोशाच्या सपाटीवर तंबू लावला की फरक कळतो. उंचीचा हिशेब साधारण असा: १००० मीटर वर गेलं की सरासरी साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. पायथ्याशी कळणाऱ्या हवेवरून वरची पांघरुणं ठरवू नका.

आणि थंडी मुख्यतः खालून लागते. अंगाखाली दबलेला स्लीपिंग बॅगचा भाग ऊब धरत नाही, ती जबाबदारी मॅटची. पाणी गोठायच्या आसपासच्या रात्रींसाठी चारच्या पुढची आर-व्हॅल्यू (मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा) बघा. तंबूत पैसे वाचवून मॅटवर घातले तर मी म्हणेन बरोबर केलंत.

आडोशात स्टोव्ह पेटवून ऊब घ्यायची कल्पना पावसात हटकून कुणालातरी सुचते. नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि सिंथेटिक कापड पेट घ्यायला वेळ लावत नाही.

टिकाऊपणाबद्दल मत संमिश्र आहे. झिप अजून सरळ चालते. उन्हात दिवसभर ताणून ठेवलेल्या भागाचा रंग उडायला लागलाय. उंचावर अतिनील किरण जास्त असतात, त्यामुळे दुपारी तंबूवर सावली येईल असं बघतो. घरी आल्यावर तो पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत जात नाही, नाहीतर आतला पॉलियुरेथेनचा लेप चिकट होतो, वास मारतो आणि सुटायला लागतो. पोल मात्र निराश करतात. एक उभा चिरला, त्याच्या कुसळांनी बोटं सोलली. सोबत आलेली धातूची नळी वर सरकवून चिकटपट्टीने बांधला आणि रात्र निभावली. आता ॲल्युमिनियमचे पोल मागवलेत. त्याच मापाचे मिळाले, वजनही कमी झालं.